ताईंच्या सहीचं झाड

माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीइतकं भित्रं माणूस ह्या अख्ख्या सिंगापुरात दुसरं झालं नाही, आणि आसपासच्या बेटांवरही शोधून सापडेल असं मला वाटत नाही. साधारण माणसं एखाद-दुसऱ्या गोष्टीला घाबरतात. कुणी पालीला, कुणी इंजेक्शनला, कुणी सासूला. ताईंच्या भीतीत असा भेदभाव नव्हता. लिफ्टमध्ये एकटीने जायची त्यांना भीती वाटे आणि लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला की त्याची भीती वाटे, त्यामुळे सेम्बावांगच्या आपल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाण्यासाठी त्या खाली लेटरबॉक्सपाशी उभ्या राहून एखाद्या ओळखीच्या शेजाऱ्याची वाट बघत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, पंख्याखालचं टेबल त्यांना चालत नसे, कारण पंखा पडेल. आणि पंख्यापासून लांबचं टेबलही चालत नसे, कारण तिथून माणसं उकळत्या सूपचे ट्रे घेऊन जातात. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी त्या स्वतःच्या बुटांच्या नाड्या तपासत, मग माझ्या तपासत, मग पुढे उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या खांद्याला बोट लावून त्याच्याही नाड्यांकडे लक्ष वेधत. आमच्याकडे बुकित पंजांगला यायचं तर एलआरटीची छोटी गाडी घ्यावी लागते आणि तिला ड्रायव्हर नसतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या फलाटावरच मटकन बसल्या. "अगं, पुढे कुणीच नाही!" मला वाटलं, आता ह्या काही पुन्हा आमच्याकडे यायच्या नाहीत. पण त्या आल्या, दर रविवारी आल्या, आणि दर वेळी गाडीत अगदी पुढच्या काचेशी दांडा घट्ट धरून, रुळांवर नजर रोखून उभ्या राहिल्या. माझी मुलगी वैतागून म्हणायची, "आत्या, इट्स ऑटोमॅटिक लाह, नो नीड टू लुक." ताई मान न वळवता म्हणत, "ते खरं गं, पण कुणीतरी बघायला नको का?"

अशा बाईने झाडं तपासण्याचं काम का पत्करावं, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नसे. नाशिकला त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. यजमान जहाजावर चीफ इंजिनिअर, त्यांची कंपनी सिंगापूरची, म्हणून ताई इथे आल्या. यजमान वर्षातले आठ महिने समुद्रावर, तेव्हा घरात एकटीने घाबरत बसण्यापेक्षा बाहेर जाऊन घाबरावं असा काहीतरी विचार त्यांनी केला असावा. इथली परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलं आणि तोआ पायोहमधल्या एका दोन खोल्यांच्या कंपनीत एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेतो इथे राहू देणाऱ्या परवान्यावर, नोकरीला लागल्या. इथे जागोजागी ही एवढाली झाडं, आणि दुपारची वादळं नेहमीचीच. त्यामुळे रस्त्यावर, कॉन्डोच्या, म्हणजे खाजगी सोसायट्यांच्या, आवारात, मुलांच्या घसरगुंडीवर झुकलेलं मोठं झाड असलं की ते कुणीतरी जाणकाराने तपासून कागद करायचा: ठीक आहे, छाटायला हवं, किंवा काढायला हवं. खाली सही. बाकीचे लोक एका झाडाला दहा-पंधरा मिनिटं देत. ताई दोन तास देत. लाकडी हातोडीने बुंधा ठोकून, डॉक्टर पाठीला कान लावतात तसा त्याला कान लावून त्या झाडाभोवती फिरत राहत. मुंग्यांना, मधमाश्यांना, न दिसलेल्या सापाला आणि गॅलरीतून बघणाऱ्या रहिवाशांना घाबरत घाबरत फिरत, आणि तिघांना न दिसलेली भेग त्यांना हमखास दिसे. "मला भीती वाटते म्हणून मी दोनदा बघते," त्या म्हणत. "ज्यांना वाटत नाही, ते एकदाही बघत नाहीत."

ह्या धंद्यातल्या बाकीच्या मंडळींना मात्र ताई झाडांपेक्षा जास्त घाबरत, आणि त्यात अतिशयोक्ती अजिबात नव्हती. एक गृहस्थ धडधाकट झाड 'आतून सडलंय' म्हणून तोडायचं काम मिळवी आणि पुरावा म्हणून सडक्या बुंध्याचा फोटो लावी. त्या फोटोत बुंध्यावर एक गोगलगाय होती. तीच गोगलगाय, त्याच जागी, शिंगं तशीच उगारून, ताईंनी चार वेगवेगळ्या कॉन्डोंच्या कागदांत पाहिली. दुसरा एक जण थोडी छाटणी सांगून झाडाचा शेंडाच उडवी, म्हणजे पुढच्या वर्षी ते झाड आजारी पडून पुन्हा त्यालाच बोलावणं येई. ताई हे सगळं आम्हाला जेवताना सांगत, तेही दबक्या आवाजात, जणू तो गोगलगायवाला आमच्या फ्रीजमागे उभा आहे. नवरा म्हणायचा, "ताई, मग तक्रार कर ना!" की ताई हातातला घास ताटात परत ठेवत. "वेडा आहेस का तू? त्याला कळलं तर?"

पण ज्याला त्या सगळ्यांत जास्त घाबरत त्याची मात्र त्या स्तुती करत. तो होता त्यांच्या कंपनीला सर्वांत जास्त कामं देणारा बागकामाचा कंत्राटदार. आम्ही घरात त्याला 'डोन्ट-वरी' म्हणायचो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू होई. पन्नाशीचा, हसतमुख, आणि चिखलात काम करणाऱ्या माणसाच्या पायांत कधीही नसतात असे पांढरेशुभ्र बूट घालणारा. दिवाळीला ताईंना अननसाच्या टार्टचा डबा पाठवी, त्यांना 'सिस्टर' म्हणे. आयुष्यभर फक्त वरी केलेल्या बाईच्या नशिबी हा माणूस यावा ह्याचं आम्हाला हसू यायचं. तो डबा ताई कधी उघडत नसत, जशाच्या तसा आम्हाला आणून देत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. आम्ही टार्ट खाऊन मोकळे झालो.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस तोआ पायोहच्या एका कॉन्डोत होता. मुलीला सोडायला गेले, तर लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस: आवारातल्या सर्व मोठ्या झाडांची तपासणी झाली असून ती सुरक्षित आहेत. खाली ताईंचं नाव, शिक्का आणि ती ओळखीची तिरकी सही. मला इतका अभिमान वाटला! मी लगेच फोटो काढून ताईंना पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, तुम्ही तर फेमस झालात!" मिनिटभरात फोन वाजला. ताई म्हणाल्या, "अगं, त्या कॉन्डोत मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी जिन्याच्या पायरीवर बसले. तीन वर्षांपूर्वी डोन्ट-वरीने त्यांच्याकडे सहीची आणि शिक्क्याची स्कॅन मागितली होती. दर कागदासाठी यायला-जायला नको, तेवढीच सोय. ताईंनी नको म्हटलं. तर फोनवर त्याने आवाज चढवला. धमकी नाही, शिवी नाही, फक्त आवाज. ताईंनी त्याच संध्याकाळी सही पाठवून दिली. पुढे पुढे न पाहिलेल्या झाडांचे कागद त्यांच्या नावाने निघताहेत असा त्यांना अनेकदा संशय आला, पण विचारायची छाती झाली नाही. "मी स्वतःला समजावलं गं, की झाडं चांगलीच असतील," त्या म्हणाल्या. "त्या आवारात मोठं झाड कुठलं आहे? खाली कुणी बसतं का?"

मी बाहेर जाऊन पाहिलं. गेटजवळ एक अवाढव्य रेन ट्री होता. त्याची एक फांदी कवेत मावणार नाही इतकी जाड, आणि तिच्याखाली दोन बाकं. बाकांवर चार म्हातारी माणसं आणि शेजारी घसरगुंडीवर पोरं. मी ते सांगितलं. ताई म्हणाल्या, "मी येते. पण तू तिथून हलू नकोस. मला एकटीला भीती वाटते."

पाऊण तासाने त्या टॅक्सीतून उतरल्या तेव्हा पश्चिमेकडून आभाळ शिसवी लाकडासारखं काळं होत आलं होतं. गेटवरच्या वॉचमनला नाव सांगताना त्यांना स्वतःचं आडनाव आठवेना. पण झाडाशी पोचल्या आणि त्यांचे हात आपोआप कामाला लागले. मुळांशी कानासारखी दोन अळंबी उगवली होती. ताईंनी तिथे हातोडी मारली. मला झाडातलं काही कळत नाही, पण तो आवाज मलाही कळला. दार ठोठावल्यावर आत कुणी नसावं तसा तो आवाज. मग त्यांनी साल चाचपली, चाचपता चाचपता एका जागी नख रुतवलं आणि ती सालच नखाला चिकटून आली. साल नव्हतीच ती. आत ढोली होती. ती कुणीतरी प्लंबर वापरतात तसल्या स्प्रेच्या फोमने बुजवून वरून तपकिरी रंग फासला होता. रंग इतका झकास जमला होता की क्षणभर मला कौतुकच वाटलं. ताईंकडे पाहिलं आणि ते कौतुक जिरलं. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

तेवढ्यात स्विमिंग पुलाशी वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला. पोहणारी मुलं बाहेर पळाली, आणि पावसाचा थेंब नव्हता म्हणून आत न जाता सगळीच्या सगळी झाडाखाली येऊन उभी राहिली. वारा सुटला. वरती कुठेतरी करकर असा बारीक आवाज झाला. विजेच्या नुसत्या नावाने घरात पलंगाखाली जाऊन बसणाऱ्या ताईंनी पिशवीतून लाल-पांढरी टेप काढली आणि बाक, घसरगुंडी, रस्ता ह्यांच्याभोवती गुंडाळत धावत सुटल्या. "आऊट! एव्हरीबडी आऊट! प्लीज! अंकल, प्लीज!" एक आजोबा उठायला तयार नव्हते. म्हणाले, "आय सिट हिअर ट्वेंटी इयर्स, लेडी." ताईंनी त्यांच्यापुढे हात जोडले. अक्षरशः जोडले. आजोबा बहुधा ते बघूनच घाबरून उठले.

गलका ऐकून कॉन्डोची मॅनेजर बाई छत्री घेऊन आली. बारीकशी, नीटनेटकी, हातात फाईल. ही कोण बाई आणि आमच्या आवारात काय करतेय? ताईंनी नाव सांगितलं. मॅनेजरने फाईल उघडली. "पण हा तुमचाच रिपोर्ट आहे ना? इथे लिहिलंय, गुड कंडिशन. ही सही कोणाची?"

आता मी काय विचार केला ते मला कबूल केलं पाहिजे. मला वाटलं, ताईंनी म्हणावं की सही खोटी आहे. एवढंच म्हणावं. तीन वर्षांपूर्वीची ती स्कॅन कुणाला ठाऊक होती? ताईंनी फाईलमधल्या सहीवर बोट ठेवलं. "सही माझी आहे. मी ती देऊन ठेवली होती. झाड मी पाहिलं नाही. आज पहिल्यांदा बघतेय." मॅनेजरने त्यांच्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि फोन लावला.

डोन्ट-वरी जवळच कुठेतरी होता. वीस मिनिटांत आला. पाऊस आता कोसळत होता आणि आम्ही सगळे गेटच्या छपराखाली उभे होतो. त्याचे बूट तेवढ्या पावसातही पांढरे होते. मॅनेजरशी तो हसून बोलला आणि मग ताईंना हळूच बाजूला घेऊन गेला. मी मागोमाग गेले. त्याने आवाज अजिबात चढवला नाही, आणि तेच मला भयंकर वाटलं. "डोन्ट वरी, सिस्टर," तो म्हणाला. "पण तू जरा विचार कर. हा एक कागद खोटा ठरला तर तुझे सगळे कागद खोटे. मग तुझी नोकरी? तुझा पास? मी म्हणेन, मला काय माहीत, सही हिचीच आहे." आणि त्याने ताईंच्या हातातली हातोडी अलगद काढून घेतली, लहान मुलाच्या हातून कात्री काढून घ्यावी तशी. त्या क्षणी त्याने मला काहीही सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती.

ताईंनी रिकामा हात त्याच्यापुढे धरला. त्या इंग्रजीत बोलल्या, पण इतक्या सावकाश की मला ते मराठीतच आठवतं. "मला तुमची खूप भीती वाटते. तीन वर्षं वाटतेय. पण ह्या झाडाची मला त्याहून जास्त भीती वाटते. माझी हातोडी द्या."

त्याने ती दिली. का दिली कोण जाणे.

ह्यानंतर ते झाड कडाडून पडलं असतं तर ही हकीगत किती सोपी झाली असती! पडलं नाही. वादळ चाळीस मिनिटं घोंगावलं, फांद्या वेड्यासारख्या हेलकावल्या, आणि प्रत्येक करकरीला आम्ही सगळे एकदम मागे सरलो. मग ऊन पडलं. झाड धुऊन-पुसून हिरवंगार उभं होतं. ते आजोबा टेपच्या अलीकडून आपल्या बाकाकडे बघत होते. डोन्ट-वरी हसला, "सी? स्टिल स्टँडिंग," म्हणाला आणि गाडीत बसून गेला. मॅनेजरने मात्र टेप काढू दिली नाही. तेवढा एकच आधार घेऊन आम्ही परत आलो.

त्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ताईंनी झाडांचं बघणाऱ्या सरकारी खात्याला पत्र लिहिलं. माझा नवरा त्यांच्या मागे उभा राहून विनवण्या करत होता, "ताई, त्याचं लिही ना सगळं. स्वतःचं कशाला लिहितेस? भावोजींना फोन लागू दे, मग ठरवू." ताई म्हणाल्या, "ते समुद्रावर आहेत. वारा इथे आहे." आणि संशय होता त्या सगळ्या झाडांची यादी त्यांनी पत्राला जोडली. एकोणीस झाडं होती. खात्याचं उत्तर येईपर्यंत त्यांना धीर धरवेना, म्हणून त्या रोज एकेक झाड शोधत फिरल्या. बरेचदा मी सोबत असे. वॉचमन आत सोडत नसत, रहिवासी फोटो काढत, एका ठिकाणी कुत्रं अंगावर आलं. ताई प्रत्येक फाटकाशी देवाचं नाव घेऊन आत शिरत. एकोणिसांतली सोळा झाडं ठणठणीत निघाली. प्रत्येक ठणठणीत झाडाशी त्या थोडा वेळ कपाळ टेकून उभ्या राहत.

तोआ पायोहचा रेन ट्री महिनाभराने सरकारी माणसांच्या देखरेखीखाली उतरवला. आम्ही दोघी अडथळ्याबाहेर उभ्या राहून बघत होतो. बुंध्याचा काप खाली आला तेव्हा आत ढोकळ्यासारखा पिवळा फोम, आणि त्याच्यापलीकडे काहीच नाही. जिवंत लाकडाचं कडं ताईंनी बोटांनी मोजलं. चार बोटं. तमिळ कामगाराने आपलं हेल्मेट काढून त्या पोकळीत ठेवून दाखवलं, आणि ते आत सहज मावलं. मला एकदम त्या दिवशी झाडाखाली येऊन उभी राहिलेली मुलं दिसली. त्यांत माझी मुलगीही होती; वाढदिवसाची सगळी टोळीच पोहायला गेलेली होती. दुपारी चार वाजता, भर उन्हात, मला थंडी वाजून आली.

ताईंचं सर्टिफिकेट वर्षभरासाठी काढून घेतलं गेलं. ते बरोबरच होतं असं त्या स्वतः सगळ्यांना सांगत. सर्टिफिकेट गेलं म्हणून नोकरी गेली, नोकरी गेली म्हणून पास गेला. डोन्ट-वरीची कंत्राटं तुटली, त्याची चौकशी लागली. पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने पुन्हा काम करतो असं ऐकते, आणि मला ते खोटं वाटत नाही. भावोजींनी नाशिकला जायचं ठरवलं. त्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने बहिणीला 'भित्री' म्हणणं सोडून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपसूकच सुटलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांना भेटायला सेम्बावांगला गेले. सामानाची खोकी बांधून झाली होती, आणि करायला काही उरलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "चल, समुद्रावर जाऊ." तिथे किनाऱ्याला जुनी मोठाली झाडं आहेत आणि समोर पाण्यापलीकडे मलेशिया दिसतो. सकाळची वेळ होती, गर्दी नव्हती. एका झाडाशी त्या थांबल्या. मला वाटलं, आता हातोडी निघणार. पण त्या सरळ मुळांवर बसल्या, बुंध्याला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

मी म्हटलं, "ताई, बघितलं नाहीत?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर माझी सही नाही. आता कुठल्याच झाडावर नाही. बसू दे जरा."

मीही शेजारी बसले. एक मालवाहू जहाज फार सावकाश चाललं होतं. ताईंनी डोळे मिटून घेतले, आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास इतका संथ झाला की त्यांना झोप लागली असावी. मग वारा आला. वरती कुठेतरी फांदीवर फांदी घासली. त्यांना हाक मारावी असं माझ्या मनात आलं, पण मारली नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणून मग फांद्यांकडे मी बघत राहिले.